वोंग ताईंचं गाणं आणि माझी नोकरी

मिशिगनमधल्या आमच्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमाला दरवर्षी नवी जोडपी येतात. कुणी पुण्याची, कुणी नागपूरची, कुणी ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या चँडलरहून नोकरी बदलून आलेली, म्हणजे थंडीला नुसत्या जाकिटात सामोरी जाणारी. शाळेच्या कॅफेटेरियात फराळाच्या कागदी प्लेटी हातात घेऊन ओळखी होतात आणि मग माझी पाळी येते.

"मावशी, तुम्ही काय करायच्या? आय मीन, जॉब?"

"युनिव्हर्सिटीत होते. संगीत शिकवायचे."

"वाव! क्लासिकल?"

"चिनी."

गेल्या वर्षी नागपूरच्या एका मुलाचा शंकरपाळा तोंडाशी जाता जाता थांबला. तो म्हणाला, "पण चिनी का यार?" मग बायकोने कोपर मारल्यावर, "सॉरी मावशी. पण आपलं कमी पडलं का?"

पोराचा प्रश्न रास्त होता. माझ्या आईनेही तोच विचारला होता, आणि मिरजेत मला व्हायोलिन शिकवणाऱ्या गुरुजींनी तर पत्राला उत्तरच दिलं नव्हतं. हे उत्तर फराळाच्या प्लेटीत मावत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा श्रीकांत, माझे यजमान, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होते. ते सकाळी डेट्रॉइटकडे जायचे आणि मी खिडकीतून बर्फ बघत बसायची. शेवटी युनिव्हर्सिटीत नाव घातलं. विषय अर्थातच हिंदुस्थानी संगीत. पण तिथल्या एका प्राध्यापकांनी चिनी वाद्यांचा विद्यार्थ्यांचा वृंद चालवला होता आणि त्यांना अर्हू वाजवणारं कुणी मिळेना. अर्हू म्हणजे दोन तारांचं, मांडीवर उभं धरून वाजवायचं वाद्य. गज दोन तारांच्या मधून जातो, त्यामुळे तो उचलून बाजूला ठेवताच येत नाही. मी व्हायोलिन वाजवते एवढ्यावर त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

व्हायोलिनसारखी तारांखाली लाकडी पट्टी त्याला नाही. बोट तारेवर, खाली नुसती हवा. मी सवयीने एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत गेले आणि दचकून थांबले. ती मींड होती. चांगली पिकलेली, आपली मींड, पण गावाचं नाव निराळं. परक्या शहरात पाठमोरी बाई आपल्या मावशीसारखी दिसावी आणि तिच्यामागे दोन गल्ल्या चालत जावं, तसं माझं झालं. त्या गल्ल्या संपल्या नाहीत, मी निवृत्त झाले.

माझ्या विषयाला इंग्रजीत एथ्नोम्युझिकॉलॉजी असं मालगाडीएवढं नाव आहे. अर्थ सोपा आहे. संगीतशास्त्राचा माणूस विचारतो, हा सूर कोणता? आम्ही विचारतो, हा सूर लावलात की तुम्हाला कोण आठवतं? आणि तुमच्या शेजारी कोण बसलेलं चालत नाही? माझा प्रांत होता इथे येऊन राहिलेल्या चिनी लोकांचं गाणं-बजावणं, आणि गाताना ती माणसं स्वतःला कोण समजतात ते. कामाची रीत म्हणजे ठिय्या. लोकांच्या तालमींना जाऊन बसायचं, म्हणतील ते वाजवायचं, चहाची भांडी विसळायची, म्हाताऱ्यांना दवाखान्यात गाडीने न्यायचं. टेपरेकॉर्डर चालू असताना लोक मुलाखत देतात, बंद केला की बोलतात. ज्याला त्या बंद केल्यानंतरच्या वेळात बसवत नाही, त्याने या धंद्यात येऊ नये.

आमच्याकडे गिऱ्हाइकंही येतात. एकदा एका जाहिरात कंपनीचा फोन आला. नूडल्सच्या जाहिरातीला चिनी संगीत हवं होतं. मी हौसेने चार सुंदर जुन्या चाली पाठवल्या. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ अजिजीने म्हणाला, "प्रोफेसर, हे फार छान आहे. पण हे ऐकून चीन वाटत नाही. आम्हाला खरं नकोय, चिनी वाटेल असं हवंय." मी त्याला सांगितलं, त्यातली मी तज्ज्ञ नाही. शेवटी त्यांनी एक घंटा बडवली आणि नूडल्स विकल्या.

आणि एक हॅना होती. मिशिगनच्या उत्तरेकडच्या एका गोऱ्या जोडप्याने तिला चीनमधल्या अनाथालयातून तान्ही असताना आणलं होतं. ती माझ्या वर्गात आली, पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला माझं म्युझिक शिकवा." वर्षभर ती अर्हूवर राबली. बोटांना घट्टे पडले, पण हात काही सैल होईना. एके दिवशी तिने वाद्य खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी हे वाजवते तेव्हा मला वाटतं, मी चिनी असल्याची ॲक्टिंग करतेय." मी विचारलं, "घरी काय वाजवतेस?" तर वडिलांची फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन. त्यांनी लहानपणापासून शिकवलेली खेड्यांतल्या नाचांची गाणी. पुढच्या आठवड्यात तिने ती आणली आणि वाजवली. काय सांगू! पाय आपोआप हलायला लागले. मी तिला म्हटलं, "हे तुझं नाही असं कुणी सांगितलं तुला?" ती रडली, मग हसली. आज ती त्याच गावांतून फिडल वाजवत फिरते. चिनी संगीताच्या खात्याला एक विद्यार्थिनी कमी झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पण माझ्या आयुष्यातली बरीच वर्षं ज्या एका खोलीत गेली, तिची गोष्ट सांगायला हवी.

डेट्रॉइटच्या उपनगरात वोंग नवरा-बायकोचं रेस्टॉरंट होतं. सोमवारी ते बंद असायचं, आणि सोमवारी दुपारी मागच्या खोलीत कँटनीज नाटकाची गाणी गाणाऱ्यांचा क्लब भरायचा. कँटनीज ही दक्षिण चीनची बोली, आणि तिथलं संगीत नाटक म्हणजे आपल्या जुन्या संगीत नाटकांचं लांबचं भावंड. तशीच ठेवणीतली पदं, तसेच प्रत्येक पद तीनदा ऐकलेले श्रोते आणि तशीच भांडणं. जमणारी मंडळी लाँड्रीवाली, स्वयंपाकी, एक शिंपी. इकडे नव्याने आलेल्या मँडरिन बोलणाऱ्या चिनी इंजिनियरांना हे गाणं खेडवळ वाटायचं, आणि क्लबातल्या म्हाताऱ्यांना त्यांचा कोट-टायमधला वाद्यवृंद बँडपथक वाटायचा. खरं चिनी कोण यावरचे दोन्हीकडचे वाद मी शांतपणे ऐकून घ्यायची. गणपतीत ढोल-ताशा की नाट्यगीतं, यावर आमच्या मंडळात दोन गट पडलेले मी पाहिले होते. मला कशाचंच नवल वाटत नव्हतं.

वोंग स्वतः आघाडीचं तंतुवाद्य वाजवायचे आणि गायचे. सगळे त्यांना सिफू म्हणत. सिफू म्हणजे उस्ताद, आणि स्वयंपाक्यालाही सिफूच म्हणतात, म्हणून ते म्हणायचे, "मी दोन्हीकडून सिफू." त्यांच्या बायकोला वोंग ताय म्हणत. कँटनीजमध्ये 'ताय' म्हणजे श्रीमती. मी पहिल्या दिवसापासून मनातल्या मनात ताईच म्हणत आले, आणि लिहितानाही तसंच लिहिणार. सिफूंना कुलकर्णी म्हणता येईना, म्हणून त्यांनी माझं 'कू' केलं. खोलीत हशा पिकला. कँटनीजमध्ये कू म्हणजे आत्या. इंडियातून आलेली आत्या!

दोघंही आता नाहीत. पण ती खोली, सोया सॉसचे डबे बाजूला सारून मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवरचं कॅलेंडर, टिपेला गेलेला वोंग ताईंचा आवाज, हे सगळं माझ्या घराच्या दिवाणखान्यापेक्षा मला स्पष्ट दिसतं.

या परंपरेत एक गंमत आहे. चाली जुन्या, ठरलेल्या. हौशी माणसं त्यांवर आपले शब्द बसवतात. सिफूंनी एका जुन्या चालीवर स्वतःचं द्वंद्वगीत रचलं होतं. नदीच्या धक्क्यावर नवरा बायकोचा निरोप घेतोय. तो सोन्याच्या डोंगराला चाललाय. अमेरिकेला त्यांच्याकडे जुनं नाव तेच. तो म्हणतो, नाव धक्क्याला लागली, आता मला जायला हवं. ती म्हणते, जा, पण मागे वळून बघू नकोस, बघितलंस तर मी रडलेली दिसेन. सिफू खरोखरच असे एकटे पुढे आले होते. वोंग ताई काही वर्षं हाँगकाँगला सासूपाशी राहिल्या आणि मग आल्या.

गाणं संपलं की मी डोळे पुसायची, आणि वोंग ताई दर वेळी म्हणायच्या, "मी असलं काहीच म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, गरम बनियन घाल."

सिफू हसायचे. "बनियनला यमक सापडलं नाही."

त्यांचा मुलगा रेमंड दातांचा डॉक्टर. मी त्याची मुलाखत घेतली तेव्हा तो नुकताच क्लिनिक उघडून बसला होता. अगदी सभ्य, अगदी थंड. "प्रोफेसर, मी मिशिगनचा आहे," तो म्हणाला. "शाळेतला मित्र घरी आला आणि डॅड गायला लागले की मी दार लावून घ्यायचो. तुम्हाला ते ब्यूटिफुल वाटतं, कारण तुम्हाला त्यामुळे कुणी चिडवलं नाही." माझा स्वतःचा मुलगा गाडीत मी मराठी गाणं लावलं की खिडकीची काच वर करायचा.

कोविडच्या हिवाळ्यात सिफू हॉस्पिटलमध्ये गेले आणि परत आले नाहीत. क्लबची माणसं बरीचशी ऐंशीच्या पुढची. कुणालाच जाता आलं नाही. रेमंडने चर्चच्या पाद्र्यांना बोलावलं, एक प्रार्थना झाली, आणि ते सगळं आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलं. वाद्य वाजलं नाही. एवढी वर्षं त्या माणसाने दर सोमवारी ती खोली सुरांनी भरून टाकली होती, आणि त्याला निरोप मात्र बिनसुराचा. रेमंडला दोष द्यावा असं काही नव्हतं. त्याला जे येत होतं ते त्याने केलं.

त्यानंतर वोंग ताई गायच्या थांबल्या. रेस्टॉरंट विकलं गेलं, क्लब परत भरला नाही. मी जायची, चहा प्यायची, हळूच एखादी चाल गुणगुणायची. त्या खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "कू, बर्फ वितळला का बघ." विषय संपला.

मग एका वर्षी हिवाळा संपता संपता रेमंडचा फोन आला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी फोन केला नव्हता.

"पेट्रोल भरत होतो," तो म्हणाला. "एक जण गाडीतून ओरडला, गो बॅक व्हेअर यू केम फ्रॉम. मला हसू आलं. मी जन्मलो ते हॉस्पिटल त्या पंपावरून दिसतं." मग म्हणाला, "घरी येताना काय झालं कुणास ठाऊक, डॅडचं ते बोटीचं गाणं आठवायला लागलो. ट्यून सगळी येते. शब्द एकही येत नाही. प्रोफेसर, एकही नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॉमचा नव्वदीचा बर्थडे आहे. डॅडचा पार्ट मला गायचाय. तिला सांगू नका. तुम्ही शिकवाल?"

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि श्रीकांतना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मिरजेची बाई चिनी माणसाला त्याच्या बापाचं गाणं चिनी भाषेत शिकवणार?" आणि खो खो हसत सुटले. मग म्हणाले, "जा, जा. याचसाठी पीएचडी केलीस."

शनिवारी दुपारी क्लिनिक बंद झालं की आम्ही बसायचो. मी सिफूंची जुनी टेप लावायची, रेमंड मान खाली घालून ऐकायचा. सुरात तो पक्का होता, रक्तातच होतं म्हणा, किंवा दार लावून घेतलं तरी आवाज आत येतोच म्हणा. अडचण भाषेची होती. कँटनीजमध्ये शब्द कोणत्या उंचीवर उच्चारला यावर अर्थ ठरतो. 'सी' हा एकच उच्चार सूर बदलत म्हटला की कविता होतो, इतिहास होतो, वेळ होतो, बाजार होतो. पहिल्याच ओळीत नाव, म्हणजे होडी, हा शब्द होता. रेमंडने तो वरच्या सुरात म्हटला.

"थांब," मी म्हटलं. "खालच्या सुरात 'स्यून' म्हणजे होडी. वर म्हटलंस की आंबट."

"म्हणजे माझे डॅड आंबटात बसून अमेरिकेला आले?"

आम्ही दोघंही इतके हसलो की बाहेर झाडू मारणारी बाई डोकावून गेली. त्या हसण्यानंतर तो मला प्रोफेसर म्हणायचा थांबला. 'कू' म्हणायला लागला. हळूहळू ओळी बसल्या. एकदा टेपमध्ये सिफू मध्येच खोकले तर रेमंड टेप थांबवून किती तरी वेळ बसून राहिला. मी चहा करायला उठले.

वाढदिवस रेमंडच्या घरी, रविवारी दुपारी. क्लबपैकी चालतेफिरते उरले होते फक्त लाकडी ठोकळ्यावर ताल धरणारे मिस्टर लाव. ते ठोकळा घेऊन आले, मी सिफूंचं वाद्य, ते गेल्यापासून माझ्याकडे असलेलं, घेऊन बसले. वोंग ताई लाल स्वेटर घालून आरामखुर्चीत. नातवंडं इंग्रजीत "हॅपी बर्थडे" म्हणून झाली. मग रेमंड पुढे येऊन उभा राहिला, दोन्ही हात बाजूला, शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलासारखा. मी चाल सुरू केली. वोंग ताईंनी झटकन वर पाहिलं.

रेमंडने पहिली ओळ म्हटली. नाव लागली. स्यून अगदी जागच्या जागी.

वोंग ताईंनी हात वर केला. "थांब."

वाद्य थांबलं. ठोकळा थांबला. त्या कँटनीजमध्ये काही बोलल्या, भरभर, रेमंडला अर्धवट कळलं. त्याचा चेहरा उतरला. "चुकलो का मी?" त्याने मला विचारलं.

"कू, त्याला सांग," वोंग ताई म्हणाल्या.

माणसांचं बोलणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणं हा माझ्या धंद्याचाच भाग. पण ते वाक्य तोंडातून काढायला मला वेळ लागला.

"आई म्हणतात, चुकला नाहीस. पण हा भाग तुझा नाही. आता जायची पाळी त्यांची आहे, तर जाणाऱ्याचं त्या म्हणणार. मागे राहणाऱ्याचं तू म्हण."

रेमंडची बायको तोंडावर हात धरून उभी होती.

"पण मॉम, मला तुझा पार्ट येत नाही."

"कू सांगेल," वोंग ताई म्हणाल्या. "लाव, वाजव. म्हातारे झालो, उगाच थांबवू नकोस."

मिस्टर लावनी ताल धरला. आणि वोंग ताई गायला लागल्या, नवऱ्याचा भाग, खालच्या जाड आवाजात. त्यांच्या परंपरेत बायका पुरुषांची कामं करतात, पुरुष बायकांची, आपल्याकडे करत तशीच. त्यात नवल नव्हतं. नवल हे होतं की त्यातली प्रत्येक लकब सिफूंची होती. कुठे ते घाई करायचे, कुठे श्वास पुरायचा नाही म्हणून शब्द तोडायचे, सगळं. स्वतःचा भाग त्यांनी इतकी वर्षं गायला होता, आणि हा इतकी वर्षं ऐकला होता.

मग बायकोची ओळ आली. मी वाजवता वाजवता शब्द हळूच सांगितले. रेमंडने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मिस्टर लाव तालावर तसेच टकटक करत राहिले. वोंग ताई खुर्चीत पुढे झुकून वाट बघत होत्या, पायाने ठेका देत, पहिल्यांदा स्टेजवर उभ्या राहिलेल्या मुलाकडे आई बघते तशा. मी ओळ पुन्हा सांगितली. आणि त्याने म्हटली. जा. पण मागे वळून बघू नकोस.

सुरात होता का, शब्द बरोबर उच्चारला का, मला सांगता येणार नाही. आयुष्यभर तेवढंच ऐकण्याचा पगार घेतला, आणि त्या वेळी मी ते ऐकलं नाही.

गाणं संपलं. वोंग ताईंनी मुलाला जवळ बोलावलं, त्याचा गाल थोपटला, आणि सगळ्यांना म्हणाल्या, "नूडल्स थंड होतायत."

निघताना रेमंड मला गाडीपर्यंत सोडायला आला. अंगणाच्या कडेला उरलासुरला बर्फ होता. सिफूंचं वाद्य त्याने स्वतः उचलून मागच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला.

"कू, रेकॉर्ड केलंत ना?"

तेव्हा मला आठवलं. रेकॉर्डर बॅगेतच होता. माझ्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली.

त्याने गाडीचं मागचं दार लावलं.

"गुड," तो म्हणाला. "मग मला पाठच करावं लागेल."